सगळ्यांना सामावून घ्यायची सवय ऑफिसात आणि घरी कुठवर ताणावी? मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण मूळ एकच, म्हणून एकाच धाग्यात टाकते. लांबलंय, सांभाळून घ्या.

आमच्या ऑफिसात सगळ्या टीमला गॅलपची क्लिफ्टनस्ट्रेंग्थ्स चाचणी द्यायला लावली. विधानांच्या १७७ जोड्या, प्रत्येक जोडीला २० सेकंद, आणि शेवटी स्वभावातल्या ३४ गुणवैशिष्ट्यांपैकी आपली पहिली पाच हातात. माझं पहिलं आलं 'इन्क्लूडर'. कोणी कडेला उभं दिसलं की जिला चैन पडत नाही, ती मी. नवरा म्हणाला, "यासाठी कंपनीने पैसे मोजले? मी फुकट सांगितलं असतं." लग्नाच्या पंक्तीत कोण जेवायचं राहिलंय हे यजमानांच्या आधी मला कळतं, हे खरं आहे. प्रशिक्षणाला आलेल्या बाईंनी सांगितलं, हे तुमचं बळ आहे, जाणीवपूर्वक वापरा. कुठे थांबायचं ते मात्र सांगितलं नाही.

आधी ऑफिस. सॉफ्टवेअर टेस्टिंगची टीम आहे, मी लीड. काही जण पुण्यात, काही नागपूर आणि भुवनेश्वरहून घरून काम करतात. बग ट्रायाजच्या (सापडलेल्या चुकांपैकी कुठली आधी हातात घ्यायची हे ठरवायच्या) कॉलला मी सगळ्यांना बोलावते, नवे-जुने, सगळे. मॅनेजर म्हणतात यादी अर्ध्यावर आण, तास वाया जातो, बोलणारे ठरलेले चार-पाचच, बाकीचे म्यूटवर. त्यांचंही खोटं नाही. पण नाव कुणाचं काढू? काढायला घेतलं की हात नेमका नव्याच्या किंवा अबोल माणसाच्या नावावर जातो. शिवाय खरे निर्णय खालच्या टपरीवर चहा पिताना होतात. भुवनेश्वरची मुलगी दुसऱ्या दिवशी विचारते, "ये कब तय हुआ?" तेव्हा काय सांगायचं सुचत नाही.

आता घर. हा भाग मला जास्त छळतोय.

सासर कुरुंदवाडला. चुलत सासूबाई, म्हणजे काकी, आमच्याच वाड्यात राहतात. काका कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्याआधी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची सगळी सूत्रं काकींकडे असायची. वाण काय आणायचं, कुठून आणायचं, दुकानदाराशी किती घासाघीस करायची, अत्तर कोण लावणार, सगळं त्याच ठरवायच्या. काका गेल्यापासून त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. तिळाच्या वड्या थापतात, उसाचे करवे चिरतात, बाहेर बायका वाण लुटतात. म्हणजे कामाला आहेत, समारंभाला नाहीत.

हेरवाड आमच्याच शिरोळ तालुक्यातलं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, सगळं बंद. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढलं की बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं. मी घरी हे काढलं तर एक दीर म्हणाले, "आपल्याकडे नगरपालिका आहे वहिनी, ते ग्रामपंचायतींना." यावर काय बोलणार!

काकींना मी म्हटलं, यंदा तुम्ही बाहेर, आमच्यात बसायचं. त्या म्हणाल्या, "नको गं बाई. सगळ्यांचे डोळे माझ्या कपाळावर." सासूबाईंचा विरोध नाही, पण त्या म्हणतात तिलाच नको तर तू कशाला ओढतेस. वन्सं म्हणतात संकोचाने नाही म्हणतेय, आग्रह करायलाच हवा. मला दोघींचंही पटतं आणि तिथेच गाडी अडते.

कोणी घरात किंवा कामावर असं काही निभावलं असेल तर कसं ते सांगा. तत्त्व नको, कृती सांगा.

कडूलिंब:
ऑफिसपुरतं लिहितो. कॉलमधून नाव काढलं म्हणजे माणूस काढला असं होत नाही. निर्णयाला लागतात तेवढेच लोक बोलवा. बग्सची यादी मात्र आदल्या दिवशी सगळ्या टीमला पाठवा आणि ज्याला म्हणायचंय त्याने तिथेच खाली लिहावं असं सांगा. अबोल माणसं लिहिताना अबोल नसतात, हा माझा अनुभव. कॉलमध्ये ते मुद्दे लिहिणाऱ्याचं नाव घेऊन वाचा. आणि कुणाला अचानक "तुला काय वाटतं?" विचारू नका. तुम्हाला वाटतं आपण सामावून घेतोय, त्याला वाटतं बाईंनी वर्गात उभं केलं.

टपरी बंद होणार नाही, तो नाद सोडा. नियम एवढाच करा की टपरीवर काही ठरलं तर वर यायच्या आधी ग्रुपवर दोन ओळी टाकायच्या, आणि घरून काम करणाऱ्यांपैकी कोणाची हरकत असेल तर दुपारपर्यंत निर्णय कच्चा. आमच्याकडे यावर पहिले काही दिवस टिंगल झाली. मग घरून काम करणाऱ्या एकाने अशाच एका ओळीवरून मोठी चूक पकडली आणि टिंगल थांबली.

ताकभात:
चाचणीवर फार भिस्त ठेवू नका हो. प्रश्नांची उत्तरं आपणच द्यायची, आणि आपलंच म्हणणं छान रंगीत अहवालात परत घ्यायचं. तुमच्या पहिल्या पाचांत 'इन्क्लूडर' आहे, काकींच्या पहिल्या पाचांत 'मला जरा एकटं सोडा' असेल तर? बाकी हळदीकुंकू हा प्रकारच मला कळलेला नाही, त्यामुळे गप्प बसतो.

दगडफूल:
ताकभात, गप्पच बसा. :)

धागालेखिके, मी स्वतः काकींच्या जागी आहे म्हणून लिहिते. हे गेल्यानंतर शेजारच्या सोसायटीतल्या एकीने मला अगदी आग्रहाने बोलावलं. गेले. मला मधोमध बसवलं, एकीने छोटं भाषण केलं, कुंकू लावताना चार मोबाईल वर झाले. संध्याकाळी माझा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, खाली 'एक पाऊल पुढे'. मनाने चांगलीच होती ती. पण पुढच्या वर्षी मी बरं नसल्याचं सांगितलं.

आता जिथे जाते तिथे तीन गोष्टी वेगळ्या आहेत. हळदीकुंकवाची तबकं दाराशी टेबलावर असतात, जिला हवं ती स्वतः लावते, दुसरीच्या कपाळाला कोणी हात लावत नाही. लग्न न केलेल्या, घटस्फोट झालेल्या, माझ्यासारख्या, सगळ्यांना बोलावणं असतं, त्यामुळे एकीवरच डोळे खिळत नाहीत. आणि वाण सगळ्यांना सारखं. विधवेला 'नुसता तिळगूळ' देऊन बोळवण करतात ना, ते कुंकवापेक्षा जास्त लागतं.

तुमच्या वन्संना सांगा, आग्रह दाराबाहेरच्या माणसाला करतात. काकी घरातल्याच आहेत. त्यांचं काय गेलंय ते बघा. तुम्ही लिहिलंय त्यावरून कुंकवाइतकाच त्यांचा कारभार गेलाय. वाणाची जबाबदारी आधी परत द्या. आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात दुसरं कोणीतरी उभं करा, तुमचे ते नगरपालिकावाले दीर असले तरी चालेल. आत काम उरलं नाही की आत बसायला निमित्तही उरत नाही. तरीही त्या बाहेर आल्या नाहीत तर विषय सोडा.

धागालेखिका:
सगळ्यांचे आभार. दगडफूल, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दिरांना वड्या थापायला बसवण्याची कल्पना त्याला फारच आवडली, फोनही त्यानेच केला. दीर "बघू" म्हणालेत.

काकींशी बोलले. बाहेर बसायचा विषय काढलाच नाही, फक्त म्हटलं वाणाचं तुम्ही बघता का. पहिला प्रश्न आला, "मागच्या साली त्या प्लास्टिकच्या डब्या कुणी आणल्या होत्या?" (मीच.) मग जयसिंगपूरला कुठलं दुकान, स्टीलचे चमचे की कापडी पिशव्या, डझनाचा भाव काय असावा, बराच वेळ बोलत होत्या. शनिवारी बाजारात जायचं ठरलंय.

ऑफिसात बग्सची यादी आदल्या दिवशी जायला लागली. भुवनेश्वरहून लगेच सहा मुद्दे आले, त्यातला एक मी केलेल्या टेस्टिंगवरच. टपरीचा नियम अजून कोणी पाळलेला नाही, मॅनेजर धरून.

घोडं अडलंय ते टेबलावरच्या तबकांवर. सासूबाई म्हणतात, "आपलं आपण लावायचं तर मग हळदीकुंकू कसलं?" त्यांच्या वयाच्या बायकांना हे कसं पटवलंत? की न सांगताच सरळ टेबल मांडून टाकलंत? रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, जरूर लिहा.