प्रफुल्ल पटेल: भारतीय फुटबॉलचं भलं झालं की नुकसान?

मैदानवेडी: गोंदियाच्या प्रफुल्ल पटेलांचं नाव निघालं की लोकांना फक्त २०२२ ची फिफाची, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेची, भारतावरची बंदी आठवते. हा अन्याय आहे. २००८ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष दासमुन्शी आजारी पडले आणि महासंघाचा कारभार पटेलांकडे आला. तेव्हा भारतात विश्वचषक होईल असं कुणी म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतं. २०१७ मध्ये १७ वर्षांखालील मुलांचा झालाच ना? १३ लाखांवर प्रेक्षक आले. नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर पॅराग्वे-माली सामन्याला माझ्या पुढच्या रांगेत शाळेची पोरं गणवेशातच बसली होती. माली कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण घसा बसेपर्यंत मालीसाठी ओरडत होती. ३-२ ने हरल्यावर एक जण चक्क रडला.

फातोर्डेकर: विश्वचषकाचं श्रेय द्या, माझी ना नाही. आमच्या गोव्यात फातोर्ड्यालाही सामने झाले, मी गेलो होतो. पण २०१० मध्ये महासंघाने ७०० कोटींना १५ वर्षांसाठी भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क आयएमजी-रिलायन्स कंपनीला दिले, त्यातून २०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही नवी स्पर्धा उभी राहिली, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी आय-लीग ही जुनी राष्ट्रीय लीग सोडली. धेंपो पाच वेळा देशाचा विजेता संघ! आमच्या घरात काका साळगावकरचे, बाबा धेंपोचे. सामन्याच्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलत नसत. ते सगळं गेलं हो.

मैदानवेडी: दादा, दुःख कळतं. पण मुंबईचा महिंद्रा युनायटेड क्लब २०१० मध्येच बंद पडला, आयएसएलच्या चार वर्षं आधी. जुनी व्यवस्था तशीही तग धरत नव्हती. पैसा कुठून तरी आणायलाच हवा होता.

कलम_बारा: पैशाचं एक वेळ बाजूला ठेवू. केंद्र सरकारच्या तेव्हाच्या क्रीडा संहितेप्रमाणे महासंघाच्या अध्यक्षाला जास्तीत जास्त १२ वर्षं मिळत. ती डिसेंबर २०२० मध्ये संपली. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात होता म्हणून निवडणूक झाली नाही आणि पटेल खुर्चीवर राहिले. मे २०२२ मध्ये शेवटी न्यायालयाने दूर करून प्रशासक समिती नेमली. ऑगस्टमध्ये त्रयस्थांचा हस्तक्षेप म्हणून फिफाने बंदी घातली. त्याच वेळी गोकुळम केरळ क्लबच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या होत्या. त्यांना खेळता आलं नाही. बंदी ११ दिवसांत उठली, त्यांची स्पर्धा गेली ती गेलीच.

मैदानवेडी: ताश्कंदच्या मुलींबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. वेळेत पायउतार व्हायला हवं होतं, हे मान्य. तरी २०१९ ला फिफा कौन्सिल या फिफाच्या कारभारी मंडळावर निवडून गेलेला पहिला भारतीय म्हणून त्यांचं काम मी पुसणार नाही.

फातोर्डेकर: पुसू नका. फक्त २०२५ पण त्याच पानावर लिहा: तो १५ वर्षांचा करार संपत आला, पुढचं काही ठरलेलं नव्हतं, आणि जुलैत आयएसएलच थांबवली गेली. तेव्हा खेळाडूंना पुढचा सामना कधी हे सांगणारं कुणी नव्हतं.