मदत हवी आहे: क्लोन व्हीएमचं आयस्कझी लॉगिन एरर २४ वर अडकतंय

रॅकवाला: आयस्कझीने नेटवर्कवरून डिस्क जोडतोय. टार्गेट, म्हणजे डिस्क देणारी बाजू, लिनक्सवरचं एलआयओ, त्याच्या टार्गेटसीएलआय या कमांडने केलेलं. इनिशिएटर म्हणजे डिस्क घेणारे दोन उबंटू व्हीएम (आभासी मशीन), एकाच टेम्प्लेटचे क्लोन. दुसरा लॉगिन झाला की पहिल्याचं सेशन तुटायचं, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) सारखं 'डिटेक्टेड कॉन एरर (१०२०)'. दोघांचं आयक्यूएन (आयस्कझीतलं मशीनचं नाव) एकच निघालं. दुसऱ्याचं बदलून 'आयक्यूएन.२००४-१०.कॉम.उबंटू:ॲप_०२' केलं. टार्गेटने एसीएलमध्ये (परवानगीच्या यादीत) अंडरस्कोर घेतला नाही, म्हणून तिथे 'ॲप-०२' टाकलं. आता डिस्कव्हरी (टार्गेट शोधणं) होते, लॉगिनला मात्र 'ऑथरायझेशन फेल्युअर', एरर २४. चॅप (पासवर्डची तपासणी) बंद आहे. अडतंय कुठे?

लूपबॅक: त्या एका रेघेवरच. एसीएलमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. आयक्यूएनमध्ये इंग्रजी लहान अक्षरं, आकडे, डॅश, टिंब, कोलन एवढंच चालतं, एकूण लांबी २२३ बाइटपर्यंत. टार्गेटसीएलआयने अडवलं ते बरोबरच केलं. व्हीएमवरचं ओपन-आयस्कझी मात्र फाइलमधलं नाव न तपासता आहे तसं पुढे ढकलतं. डिस्कव्हरी होते कारण एलआयओत 'डेमो_मोड_डिस्कव्हरी' मुळात १ असतो. तिथे एसीएल आडवा येत नाही.

आधीच्या तुटातुटीचं कारण: इनिशिएटरचं नाव आणि आयएसआयडी (त्याने सेशनला दिलेला ओळख क्रमांक) दोन्ही तेच आले की टार्गेट समजतं जुनाच गडी परत आलाय, आणि जुनं सेशन बंद करतं. मग पहिला पुन्हा लॉगिन होतो, दुसरा पडतो.

'/ईटीसी/आयस्कझी/इनिशिएटरनेम.आयस्कझी' मध्येही डॅश घाला.

रॅकवाला: घातला, पुन्हा लॉगिन केलं. तरी २४च. टार्गेटच्या लॉगमध्ये 'इज नॉट ऑथराइज्ड' च्या ओळीत अजून अंडरस्कोरवालंच नाव दिसतंय.

लूपबॅक: आयस्कझीडी (ओपन-आयस्कझीची मागे चालणारी सेवा) ती फाइल सुरू होतानाच वाचतो. आधी लॉगआउट, मग 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट आयस्कझीडी', मग लॉगिन. शेवटी 'आयस्कझीॲडम -एम सेशन -पी १' (पी कॅपिटल) देऊन 'आयफेस इनिशिएटरनेम' ची ओळ बघा. तरी जुनंच दिसलं तर आयफेसच्या (इनिशिएटरच्या नेटवर्क जोडणीच्या) रेकॉर्डमध्ये 'आयफेस.इनिशिएटरनेम' कुणी भरून ठेवलंय का ते तपासा. ते फाइलवर मात करतं.

रॅकवाला: रीस्टार्टने काम झालं. लॉगिन झालं, डिस्क दिसतेय. माउंट करतो.

जुनी_केबल: थांबा! टार्गेटसीएलआयमध्ये 'ऑटो_ॲड_मॅप्ड_लन्स' मुळात चालू असतं. नव्या एसीएलला त्या टीपीजीमधले (टार्गेटच्या पोर्टल गटातले) सगळे लन (दिलेल्या डिस्क) आपोआप जोडले जातात, म्हणजे दिसतेय ती पहिल्या व्हीएमची डिस्क असू शकते. एक्स्ट४ दोन मशीनवर एकदम माउंट झालं की फाइलसिस्टमची वाट लागते. एसीएलमध्ये जाऊन नको तो मॅप्ड लन काढा आणि 'सेव्हकॉन्फिग' करा. पूर्वी तोच लन दोन्हीकडे माउंट झाला असेल, तर दोन्हीकडून अनमाउंट करून एकाच मशीनवरून 'ई२एफएससीके -एफ' चालवा.

आणि टेम्प्लेटमधल्या 'इनिशिएटरनेम.आयस्कझी' फाइलमध्ये आयक्यूएनच्या जागी 'जनरेटनेम=येस' एवढीच ओळ ठेवा. क्लोन पहिल्यांदा बूट झाला की स्वतःचं नाव बनवून घेतो.