कोजी बुरशीतली 'दुरुस्ती': कोणता शब्द?

प्राजक्ता: जपानच्या कोजी बुरशीवरचा (ॲस्परजिलस ओरायझी) लेख मराठीत आणतेय. मिसो, साके, सोया सॉस हिच्यावर होतात. केयू७० आणि केयू८० ही तिची डीएनए-दुरुस्तीची जनुकं. मी लिहिलं, 'ही जनुकं बंद केली की नवं जनुक नेमक्या जागी बसतं.' संपादक म्हणतात, दुरुस्ती बंद केल्यावर बिघडायला हवं, हे उलटं कसं? दुसरा शब्द आहे का?

टाका: संपादक अडखळले ते साहजिक आहे, कारण दुरुस्त्या दोन आहेत. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की केयू प्रथिनं टोकं धरतात आणि ती आहेत तशी जोडली जातात. त्यामुळे बाहेरून घातलेला तुकडाही कुठेही चिकटतो. दुसरी पद्धत जुळणारा भाग शोधून त्याबरहुकूम भरते. पहिली बंद पाडली की दुसरीला वाव मिळतो. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी ओरायझीत आणि सोया सॉसच्याच दुसऱ्या बुरशीत, ॲस्परजिलस सोजीत, हे दाखवलं. पहिलीला 'सांधणी' म्हणा, दुसरीला 'रफू'.

शब्दनिष्ठ: दुरुस्ती फारसी, रफूही फारसीतून आलेलं. 'पुनर्संधान' असताना उसनवारी कशाला?

टाका: पैठणीला रफू करणारा मूळ वीण बघून धागा भरतो. तो अर्थ पुनर्संधानात कुठे आहे?

निफाडकर: नुसतं 'बुरशी' वाचून आमच्याकडचा माणूस औषध फवारायला निघेल. द्राक्षावर भुरी आली की बाग जाते. 'खाद्य बुरशी' किंवा 'आंबवणारी बुरशी' लिहा.

मीनल: मला 'आंबवणारी' जास्त खटकेल. कोजी चढलेला भात गोड लागतो, कारण तिची विकरं पिष्टाची साखर करतात. आंबट काही नसतंच. 'किण्वन' लिहा.

शब्दनिष्ठ: किण्वन उत्तम.

निफाडकर: किण्वन पाठ्यपुस्तकाबाहेर कोण बोलतं? आई 'पीठ आंबलं' म्हणते, जाळी पडली की झालं, आंबट असो नसो.

टाका: 'विरजणे' का नको? साकेसाठी वाफवलेल्या तांदळावर कोजीचे बीजाणू भुरभुरतात, मग बुरशी आतपर्यंत शिरते. लावणं आणि लागणं, दोन्ही आलं.

मीनल: विरजण दुधालाच. तांदूळ विरजला असं कुणाच्या तोंडी ऐकलंय?

टाका: ऐकलं नाही, पण ऐकल्यावर कळतं ना?

मीनल: कळतं दही. बुरशी नाही कळत.