मदत हवी आहे : वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचे पाण्याखालचे चित्रीकरण धुरकट येते

खारावारा : नमस्कार. काल मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा केले. कॅमेरा वॉटरप्रूफ असूनही पहिली काही मिनिटे सोडल्यास सगळे चित्रीकरण धुरकट आणि हिरवे आले आहे. परवा सकाळी आठला भाच्याला घेऊन पुन्हा जायचे आहे, तेव्हा नेमका उपाय सांगावा. ‘नवीन कॅमेरा घ्या’ हे उत्तर नको.

वजा_दहा : कॅमेरा कोणता, किती खोल गेलात, वरून केस (संरक्षक डबी) लावली होती का आणि धुरकटपणा पूर्ण चौकटीत होता की मधोमध, हे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार? ‘वॉटरप्रूफ’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. गोप्रो हीरो ७ ब्लॅक केसशिवाय १० मीटरपर्यंत चालतो, ऑलिंपस टीजी-६ १५ मीटरपर्यंत, तर आयफोन १२ ला ६ मीटर आणि ३० मिनिटे अशी मर्यादा असूनही तो घेऊन पोहू नका, असे कंपनीच सांगते.

तबकडी : घड्याळांचेही असेच असते. तबकडीवर ५० मीटर लिहिलेले घड्याळ पोहण्यापुरते ठीक असते, ते घालून स्कूबा करायचे नसते. माझी दोन घड्याळे याच गैरसमजातून गेली.

खारावारा : घड्याळाचा प्रश्न नाही. साधा अ‍ॅक्शन कॅमेरा आहे, वर ४० मीटरची पारदर्शक केस होती, खोली साडेसात मीटर. धुरकटपणा मधोमध, ढगासारखा. बॅटरी संपल्यामुळे बोटीवरच केस उघडून पुन्हा बंद केली होती.

वजा_दहा : हे शेवटचे वाक्य पहिल्याच संदेशात हवे होते. भर उन्हात, समुद्रावरची दमट हवा तुम्ही केसमध्ये कोंडलीत; कॅमेरा चालू झाल्यावर ती आणखी तापली आणि बाहेरून पाण्याने गार झालेल्या पुढच्या काचेवर तिच्यातले बाष्प साचले, म्हणूनच पहिली काही मिनिटे स्वच्छ आली. बॅटरी मुक्कामाच्या ठिकाणीच भरून घ्या, केस वातानुकूलित खोलीत बंद करा, आत ओलावा शोषणाऱ्या ताज्या सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पाण्यात उतरेपर्यंत ती सावलीत राहू द्या.

लाल_काच : एवढा खटाटोप कशाला? पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून लाल फिल्टर लावा. अंदमानात मी त्याच्याशिवाय पाण्यात उतरतच नाही.

चिवला_बीच : अंदमानचे पाणी निळे असते, आमचे हिरवे. हिरव्या पाण्यात लाल नव्हे तर किरमिजी फिल्टर लागतो, आणि गढूळपणामुळे आधीच कमी असलेला उजेड तोही खातो. त्यापेक्षा भाच्यापासून हातभर अंतरावरूनच चित्रीकरण करावे, कारण मध्ये जितके पाणी कमी तितका रंग आणि तपशील जास्त. टॉर्च कॅमेऱ्याला चिकटवून लावू नये, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण उजळून हिमवर्षाव दिसतो.

लाल_काच : फिल्टरवर विश्वास नसेल तर बोलणेच खुंटले. पण थंड खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

वजा_दहा : ती वाफ काचेच्या बाहेरून धरते आणि पाण्यात उतरताच धुऊन जाते. प्रश्न आत कोंडलेल्या हवेचा आहे.

खारावारा : आता केस नीट पाहिली तर तळाशी दोन थेंब आहेत. हे बाष्पच का?

चिवला_बीच : चाखून पाहा. बाष्पाचे पाणी गोडे असते.

खारावारा : खारट आहे.

चिवला_बीच : मग समुद्र आत आला आहे, आणि तो तुमच्या सिलिका जेलने थांबणार नाही. झाकणाची रबरी कडी काढून खाचेत वाळू किंवा धागा आहे का ते उजेडात बघा, कडी चिरली असेल तर बदला, नसेल तर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. मग कॅमेरा न ठेवता आत कोरडा टिश्यू घालून केस रात्रभर बादलीत बुडवून ठेवा.

लाल_काच : बादलीत दीड फूट पाणी आणि समुद्रात साडेसात मीटर! ही कसली परीक्षा?

चिवला_बीच : दाब वाढला की कडी उलट घट्ट बसते, त्यामुळे अशी गळती पुष्कळदा उथळ पाण्यातच होते. बादलीत पास झालेली केस खोलवर टिकेलच असे नाही, पण बादलीत नापास झालेली घरीच ठेवावी.

खारावारा : कडीखाली बायकोचा एक लांब केस सापडला, केसमध्ये केस, असे भाचा दिवसभर म्हणतो आहे. तो काढून, ग्रीस लावून केस रात्रभर बुडवली, टिश्यू सकाळी कोरडा होता. कॅमेऱ्याला काही झालेले नाही. उद्या जाणार.

तबकडी : आल्यावर केस बंद असतानाच गोड्या पाण्यात ठेवून तिची बटणे चार-पाचदा दाबा, नाहीतर खारामुळे ती अडकतात. शिवाय पाण्याखाली आवाज दबका येत असेल तर बाहेरचा माइक मिळतो.

खारावारा : आवाजाबद्दल मी विचारलेले नाही. बटणांचे लक्षात ठेवतो.