मुक्कामाच्या भटकंतीसाठी भरवशाचा एलईडी टॉर्च कसा निवडावा?

मुलुंडचा_पथिक

नमस्कार. आमचा मुलुंड-भांडुपकडचा लहानसा गट दर हिवाळ्यात भंडारदरा, पवना, हरिश्चंद्रगड अशा ठिकाणी तंबूत किंवा गुहेत मुक्कामाला जातो आणि यंदा दोन घरांतली शाळकरी मुलेही बरोबर येणार आहेत. शुक्रवारी रात्री कसारा लोकल पकडायची, पुढे जीपने हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचे पाचनई गाव गाठायचे आणि उजाडण्यापूर्वीच चढाईला लागायचे असा आमचा शिरस्ता असल्यामुळे टॉर्च ही आमच्या दृष्टीने सॅकमधील सर्वांत महत्त्वाच्या वस्तूंपैकी एक आहे. गेल्या हंगामात गटातील एकाने घेतलेल्या टॉर्चच्या खोक्यावर 'बारा तास' असे ठळकपणे छापलेले होते, परंतु लावल्यानंतर थोड्याच वेळात त्याचा प्रकाश इतका उतरला की वाटेवरचे दगड दिसेनासे झाले.

आता नवीन टॉर्च घ्यायचे आहेत आणि प्रत्येकी दोन-अडीच हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. बाजारात एकीकडे ४०० ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे एकूण प्रकाशाचे माप) टॉर्च त्या किमतीला मिळतात आणि दुसरीकडे ५००० ल्युमेन लिहिलेले टॉर्च त्याच्या निम्म्या किमतीत दिसतात. खरेदी करताना नेमका कोणता आकडा पाहावा, सेल आतच बसवलेला असावा की काढता येणारा, आणि हातातला टॉर्च घ्यावा की डोक्याला बांधायचा हेडटॉर्च, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

दादर_भटकंती

आपल्या सहकाऱ्याच्या टॉर्चवरील 'बारा तास' हा दावा कदाचित धादांत खोटा नसेलही, कारण हा आकडा ज्या रीतीने मोजला जातो ती रीतच खरेदीदाराने समजून घेण्यासारखी आहे. टॉर्चच्या मोजमापासाठी 'एएनएसआय एफएल १' हे अमेरिकी मानक २००९ साली आले आणि पुष्कळ नामांकित उत्पादक ते पाळतात. त्यानुसार ल्युमेनचा आकडा टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या काळात घेतला जातो, तर टॉर्च चालण्याचा अवधी हा प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा धरला जातो. म्हणजेच १००० ल्युमेनचा टॉर्च पाच मिनिटांत २०० वर उतरला आणि तेथून रेंगाळत बारा तासांनी १०० वर पोहोचला, तरी खोक्यावर '१००० ल्युमेन, १२ तास' असे नियमानुसार छापता येते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, पण ते एकाच वेळी खरे नसतात.

हा उतार टाळता येण्यासारखा नाही, हेही लक्षात घ्यावे. एलईडीला दिलेल्या विजेपैकी मोठा हिस्सा उष्णतेत जातो आणि तळहाताएवढ्या ॲल्युमिनियमच्या नळीला ती उष्णता बाहेर टाकण्याची मर्यादा असते, म्हणून आतील सर्किट स्वतःच प्रकाश कमी करते. शिवाय उर्जेचा हिशेब कोणालाच चुकवता येत नाही. ३५०० मिलीअँपिअर-तासांच्या चांगल्या '१८६५०' आकाराच्या लिथियम सेलमध्ये साधारण साडेबारा वॅट-तास ऊर्जा असते. एका वॅटमागे अंदाजे १०० ल्युमेन मिळतात असे धरले, तर हा सेल १०० ल्युमेनवर बारा तास आणि १००० ल्युमेनवर जेमतेम सव्वा तास पुरेल. तेव्हा एकाच सेलवर चालणारा निम्म्या किमतीचा टॉर्च तासन्तास ५००० ल्युमेन देईल, ही गोष्ट या हिशेबात कोठेही बसत नाही.

आपली गरज प्रत्यक्षात किती असते, हे पाहिले म्हणजे मोठ्या आकड्यांचे आकर्षण आपोआप कमी होते. तंबूत सामान लावायला किंवा रात्री उठून पाण्याची बाटली शोधायला ५ ते २० ल्युमेन भरपूर होतात. पाचनईच्या वाटेसारख्या मळलेल्या वाटेवर चालायला १०० ते १५० ल्युमेन पुरतात आणि चुकलेली वाट शोधताना किंवा पलीकडच्या टेकाडावर पुढे गेलेला माणूस पाहताना काही क्षण ५०० ते ८०० ल्युमेनची गरज पडते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की टॉर्चची परीक्षा त्याच्या सर्वोच्च पातळीवर न करता मधल्या पातळीवर करावी. १५० ल्युमेनच्या आसपासची पातळी तो किती तास स्थिर ठेवतो, हा प्रश्न दुकानदाराला विचारावा आणि शक्य असेल तर प्रकाश-वेळेचा आलेख पाहावा. फेनिक्ससारख्या काही कंपन्या हा आलेख उत्पादनाच्या माहितीतच देतात. ज्या उत्पादकाने प्रत्येक पातळीचे ल्युमेन आणि तास स्वतंत्रपणे छापलेले नाहीत, त्याचा टॉर्च मी रात्रीच्या चढाईसाठी कोणालाही सुचवणार नाही.

झोत किती दूर जातो हे ल्युमेनवरून कळत नाही, ते कँडेलावरून, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापावरून, कळते. वरील मानकात अंतर म्हणजे जेथे पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, प्रकाश पडतो तेथपर्यंतचे अंतर होय. त्यामुळे २५०० कँडेलाचा झोत १०० मीटर आणि १०,००० कँडेलाचा झोत २०० मीटर जातो. कागदावरचे २०० मीटर प्रत्यक्षात निम्म्या अंतरावरच कामाचे ठरतात, कारण चांदण्यात आकृती दिसली तरी पाऊल टाकण्याजोगी जागा ओळखू येत नाही. मुक्कामाच्या भटकंतीला फार अरुंद आणि लांब झोतापेक्षा पायाजवळ पसरणारा झोत अधिक उपयोगी पडतो.

विद्युत_गिरगाव

दादरकरांनी दिव्याविषयी सविस्तर लिहिले आहेच, म्हणून मी सेलविषयी लिहितो, कारण माझ्या पाहण्यात टॉर्च दगा देतो तो बहुतेक वेळा सेलमुळे देतो.

आपल्यासारख्या गटाने सेल काढता येणारा टॉर्चच घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आत कायमचा बसवलेला सेल काही वर्षांनी क्षीण झाला की चांगला टॉर्चही निकामी होतो आणि गडावर तो संपला तर पॉवर बँकेला जोडून बसण्याशिवाय मार्ग उरत नाही. काढता येणारा सेल असेल तर दुसरा भरलेला सेल घालून अर्ध्या मिनिटात पुढे चालता येते. त्यातही १८६५० किंवा २१७०० या प्रमाणित आकाराचा सेल वापरणारा टॉर्च निवडावा. या अंकांत सेलचे मापच असते: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, तर २१७०० म्हणजे २१ आणि ७० मिलिमीटर.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन सेल घेताना ९९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेल दिसतील. ते सरळ नाकारावेत. या आकारात साधारण ३५०० च्या आसपासच क्षमता मावते. अस्सल सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम भरते आणि बनावट सेल पुष्कळदा त्याहून बरेच हलके असतात, त्यामुळे स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावरही प्राथमिक खात्री करून घेता येते. लिथियम सेलसाठी आपल्याकडे आयएस १६०४६ हे भारतीय मानक लागू असून सेलवर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) नोंदणीचिन्ह असणे अपेक्षित आहे, तेही तपासावे. सुटे सेल सॅकमध्ये किल्ल्या-नाण्यांसोबत कधीही टाकू नयेत. दोन टोके धातूने जोडली गेली तर सेल काही क्षणांत धोकादायक तापतो, म्हणून प्लॅस्टिकची छोटी डबी अवश्य बाळगावी.

लहान मुलांच्या टॉर्चसाठी मात्र एए किंवा एएए आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल मला अधिक योग्य वाटतात. ते तुलनेने सुरक्षित असतात आणि संपलेच तर पाचनईच्या किंवा राजूरच्या किराणा दुकानात मिळणारे साधे सेल घालून काम भागते. साधे अल्कलाइन सेल वापरल्यास परत आल्यावर ते काढून ठेवण्याची शिस्त मुलांनाही लावावी. महिनोन्महिने आत राहिले तर ते पाझरतात, त्यातील क्षार स्प्रिंगला आणि पत्र्याला खातो, आणि मुंबईच्या दमट हवेत हे नुकसान अधिकच वेगाने होते. लिथियम सेल पावसाळ्यात वापराविना ठेवायचे असतील तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे न ठेवता साधारण निम्मे भरून ठेवावेत.

मुलुंडचा_पथिक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मधल्या पातळीवर परीक्षा करण्याचा मुद्दा आम्हाला सुचलाच नव्हता. आता हातातला टॉर्च की हेडटॉर्च, हा प्रश्न उरतो. शिवाय मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहण्यासाठी भंडारदऱ्याच्या बाजूला जाण्याचाही विचार आहे. त्या वेळी धुके आणि पाऊस दोन्ही मिळू शकतात.

रानवाट_बोरिवली

प्रत्येकाकडे हेडटॉर्च आणि संपूर्ण गटात मिळून दोन चांगले हातातले टॉर्च, ही वाटणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. कातळावर, शिडीवर किंवा तंबूचे दोर बांधताना दोन्ही हात मोकळे हवे असतात, आणि मुलांच्या बाबतीत तर पडताना आधार घेण्यासाठी हात मोकळे असणे हाच मोठा लाभ आहे. मात्र हेडटॉर्चला एक मर्यादा आहे. दाट धुक्यात डोळ्यांच्या अगदी जवळून निघालेला प्रकाश समोरच्या जलकणांवरून उलटून थेट डोळ्यांत येतो आणि पांढऱ्या भिंतीपलीकडे काहीही दिसत नाही. अशा वेळी हेडटॉर्च मालवून हातातला टॉर्च कमरेच्या खाली, पायांच्या दिशेने धरला तर वाट स्पष्ट दिसू लागते. धुक्यात पातळी वाढवण्याचा मोह होतो, पण तेथे प्रकाश कमी केल्यानेच जास्त दिसते.

रंगाचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. स्वस्त टॉर्चचा निळसर-पांढरा प्रकाश डोळ्यांना प्रखर भासतो, परंतु त्यात तपकिरी आणि तांबूस छटा एकमेकींत मिसळून जातात. सह्याद्रीत वाळलेल्या पाल्यावर बसलेले फुरसे नेमके त्याच छटांचे असते आणि ते सहजासहजी जागचे हलतही नाही. म्हणून सीआरआय (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक) ९० किंवा त्याहून अधिक आणि प्रकाशाची रंगछटा ४००० ते ५००० केल्विनच्या दरम्यान असलेला एलईडी मिळत असेल तर थोडे ल्युमेन सोडून द्यावे लागले तरी तोच घ्यावा. लाकडे उचलताना, दगडावर बसताना, सकाळी बुटांत पाय घालण्यापूर्वी त्या प्रकाशात जागा नीट पाहून घेण्याची सवय मुलांना पहिल्याच मुक्कामात लावा.

काजव्यांविषयी मात्र कळकळीने विनंती करतो. काजवे एकमेकांना प्रकाशाच्या खुणांनीच शोधतात आणि त्यांचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचेच असते. झाडावर टॉर्चचा झोत मारला की त्यांचा हा संवाद तुटतो, आणि शेकडो माणसे एकेक झोत मारू लागली की त्या झाडावरचा हंगामच विस्कटतो. अशा ठिकाणी टॉर्च जमिनीकडे, अत्यंत मंद पातळीवर आणि शक्यतो लाल प्रकाशात ठेवावा. पुष्कळ हेडटॉर्चमध्ये लाल दिवा स्वतंत्र असतो. घेताना तो थेट लाल पातळीवर सुरू करता येतो की आधी पांढऱ्या प्रकाशातून जावे लागते, हे दुकानातच तपासून पाहावे. लाल प्रकाशाचा आपल्यालाही उपयोग आहे, कारण डोळे अंधाराला पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाच्या एका झोताने तो सराव क्षणात नाहीसा होतो.

दादर_भटकंती

रानवाट यांच्या वाटणीशी मी सहमत आहे. त्यात पाण्याविषयी थोडी भर घालतो. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण आणि आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडाला तरी सुरक्षित. यातील 'एक्स' याचा अर्थ धुळीची चाचणी नोंदवलेली नाही एवढाच आहे. हिवाळ्यातील मुक्कामाला आयपीएक्स४ चालेल, परंतु मेअखेरीस आणि पावसाळ्यात जाणार असाल तर आयपीएक्स७ किंवा आयपी६८ घ्यावा. हे संरक्षण प्रामुख्याने झाकणाच्या आट्यांजवळील रबरी कडीवर अवलंबून असते, तेव्हा ती कोरडी पडू देऊ नये आणि अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे.

सॅकमध्ये दाबला जाऊन टॉर्च आपोआप सुरू होतो आणि कपड्यांना चटका बसण्याइतका तापू शकतो. बटण लॉक करण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर मागचे झाकण थोडे सैल करावे. पुष्कळ टॉर्चमध्ये तेवढ्याने विद्युतमार्ग तुटतो.

गटातील प्रत्येकाला संकटाचा इशाराही शिकवून ठेवावा. मिनिटाला सहा वेळा प्रकाशाची उघडझाप करायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा तेच करायचे, हा गिर्यारोहकांचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्याला उत्तर मिनिटाला तीन वेळा दिले जाते.

मुलुंडचा_पथिक

आता चित्र स्पष्ट झाले. मोठ्यांसाठी १८६५० सेलचे दोन टॉर्च, सर्वांना लाल दिव्याचे हेडटॉर्च आणि मुलांच्या हेडटॉर्चमध्ये एएए सेल, असे आम्ही ठरवत आहोत. एकच शंका आहे. टॉर्चला टाइप-सी चार्जिंग असेल तर फोनचाच चार्जर पुरेल का, की वेगळा चार्जर न्यावा लागेल?

विद्युत_गिरगाव

बहुतेक वेळा पुरेल, पण खात्री करून घ्यावी लागेल. काही स्वस्त टॉर्चच्या टाइप-सी सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर वगळलेले असतात, आणि ते नसले की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने नव्या चार्जरमधून वीज सुरूच होत नाही. अशा टॉर्चला एका टोकाला जुना रुंद यूएसबी असलेली केबल आणि तसेच छिद्र असलेला चार्जर किंवा पॉवर बँक लागते. टॉर्च घरी आला की जी केबल आणि जी पॉवर बँक गडावर नेणार आहात, तिच्यावरच तो एकदा पूर्ण चार्ज करून पाहा. चार्ज झाला नाही तर लगेच दुकानात परत करता येईल.