मदत हवी आहे : पोटदुखी आणि ऑपरेशनच्या टाक्यांचा संसर्ग आशाताईंना कसा समजवावा?

नमस्कार मंडळी. जत तालुक्यातल्या आशाताईंचं छोटं प्रशिक्षण घ्यायचंय. ग्रुपवर सर्जन आणि सिस्टर बऱ्याच आहेत, म्हणून विचारते.

पोटात दुखलं की आमच्याकडे आधी ओवा, मग शेक, मग मेडिकलमधली गोळी. यात वेळ जातो याचीच मला भीती वाटते. अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती सुरू होतं, जेवण नकोसं होतं, उलटी होते आणि काही तासांनी कळ उजवीकडे खाली उतरते. आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की पेशंट बोट ठेवून दाखवतो. पोट लाकडासारखं कडक लागलं तर घरी थांबायचंच नाही, हे मी ठासून सांगणार आहे. पण म्हाताऱ्या माणसांत आणि गरोदर बायकांत लक्षणं अशी सरळ येत नाहीत. ते सोप्या शब्दांत कसं मांडू?

दुसरं टाक्यांचं. जखमेचा संसर्ग बऱ्याचदा पेशंट घरी आल्यावर दिसतो, म्हणून ऑपरेशननंतर 30 दिवस लक्ष ठेवायला सांगतेय : लाली, गरमपणा, कमी होण्याऐवजी वाढणारं दुखणं, पू, ताप. काही घरांत टाक्यांवर हळद दाबतात, ती आधी थांबवायचीय.

मिरज-सांगलीत कुणाकडे मराठी चित्रांचा तक्ता आहे का? आणि डॉक्टरसाहेब, आशाताईंनी जखमेचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवला तर तुम्हाला त्यावरून कितपत ठरवता येतं?