४०२ चा रॅक आणि दुपारची झोप
(सोसायटी ग्रुप, रविवार)

३०२ काकू: दोन ते चार मशीन चालवायचं नाही हे मागच्या मीटिंगमध्ये ठरलं ते कुणासाठी मग? पार्किंगमध्ये परत सुरू झालंय ४०२ चं. बाळाचा आत्ता कुठे डोळा लागला होता

४०२: सॉरी काकू बंद केलं. दोनच फळ्या राहिल्यात, चारनंतर कापतो. घरात कापलं असतं तर तुमच्या डोक्यावरच झालं असतं म्हणून खाली आलो

३०२ काकू: उपकार झाले

१०४: पार्किंगमधला भुसा कोण झाडणार? माझ्या गाडीच्या काचेवर थर बसलाय

२०३: पण बनतंय काय एवढं? आम्हाला वाटलं बिल्डिंगला नवीन मजला चढतोय 😄

४०२: साउंड सिस्टिमचा रॅक. वर रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल, मधे ॲम्प म्हणजे ॲम्प्लिफायर, खाली एलपी रेकॉर्ड. तयार बघितले बरेच पण ते सगळे टीव्ही युनिट, पुढून मागे उथळ, मागून वायरी काढायला जागा नाही, शेवटी म्हटलं आपणच करू

५०१ अण्णा: प्लाय किती एमएमचा?

४०२: १२ चा. चार फुटी सलग फळ्या, मधे आधार नाही, एकदम मोकळं दिसतं अण्णा

५०१ अण्णा: महिनाभर दिसेल. मग झोळी. शंभर एलपी कव्हरसकट २० ते २५ किलो भरतात, आणि तुझ्याकडे शंभरावर थांबणार आहेत का? निदान १८ घ्यायचा होता, दीडपट जाडीला ताठपणा तिपटीहून जास्त वाढतो. आणि मधे एक उभी फळी टाकच. दोन आधारांमधला गाळा निम्मा झाला की तेवढ्याच वजनाला फळी आठवा हिस्साच झुकते. अजून एक, प्लायच्या वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने आल्यात का बघ, आडव्या आल्या तर तोच प्लाय लिबलिबतो

४०२: रेषा बरोबर आहेत. जाडीचं लक्षात नाही आलं 😐

१०४: पार्किंगमधला भुसा कोण झाडणार?

६०१ सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, ग्रुपवर भाषा जपा. भुशाचं ४०२ बघतील. ४०२, प्लाय लिफ्टमधून नेला होता का? आरशाखाली मोठा ओरखडा आहे

४०२: सर आठ फुटी शीट लिफ्टमध्ये शिरेल कसं? वर गेलंच नाही, म्हणून तर खाली कापतोय

१०४: ओरखडा २०३ चा फ्रीज आला तेव्हाचा आहे. फोटो आहे माझ्याकडे

२०३: तुमच्याकडे सगळ्यांचेच फोटो असतात. मेंटेनन्स भरल्याचा तेवढा नसतो

६०१ सेक्रेटरी: प्लीज

३०२ काकू: रॅक मोठा म्हणजे आता आवाजही मोठा. आत्ताच रात्री आमच्या मांडणीतली भांडी वाजतात

४०२: उलट काकू, रॅकच्या पायांना जाड रबर लावतोय. धमधम खाली येणारच नाही

५०१ अण्णा: तिला काहीतरी सांगू नकोस. ते रबर टर्नटेबलला जमिनीचे हादरे लागू नयेत म्हणून असतं. खाली धमधम जाते ती स्पीकरच्या बेसची. ५० हर्ट्झची लहर जवळजवळ ७ मीटर लांब, तुझ्या हॉलपेक्षा मोठी, ती रॅकखालच्या चकत्यांनी अडत नाही. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढ, दोन भिंती आणि फरशी मिळून बेस फुगवतात. रात्री बेसचं बटण मागे घे. आणि स्पीकर त्या रॅकवर अजिबात ठेवायचे नाहीत. ठेवलेस तर फळीचा हादरा टर्नटेबलच्या सुईत, सुईतून ॲम्पमध्ये, ॲम्पमधून परत स्पीकरला, असं गोल फिरत हुंकार सुरू होईल

३०२ काकू: अण्णा, हे तुम्हाला माहिती होतं तर इतके दिवस गप्प का? मी दर रात्री बेल वाजवत होते

५०१ अण्णा: मला वाटलं तुमचं अजून बाथरूमच्या लीकेजवरून चाललंय

३०२ काकू: ते चाललंच आहे. या आणि भिंत बघा

४०२: काकू तो विषय वेगळा आहे, प्लंबर येऊन गेलाय

३०४ ताई: मधेच विचारते, ॲम्पला वर किती जागा सोडायची? आमचा बंद कपाटात होता, तापून आपोआप बंद पडायचा

५०१ अण्णा: वर १० सेंटीमीटर तरी, आणि मागची बाजू उघडी. टर्नटेबलच्या सुईच्या बरोबर खाली ॲम्प नको, ट्रान्सफॉर्मरची घूं सुईतून ऐकू येते कधीकधी. उभ्या फळीच्या पलीकडच्या गाळ्यात सरकव

४०२: पण मागे सगळं उघडं ठेवलं तर डावी-उजवीकडे डुलतोय. तात्पुरता उभा करून बघितला

५०१ अण्णा: डुलणारच. खालच्या एलपीच्या कप्प्याला मागे पूर्ण फळी मार, वरचे कप्पे उघडे राहू दे. आणि फेविकॉल ओला असतानाच रॅकचे दोन्ही कर्ण टेपने मोज. सारखे आले नाहीत तर लांब कर्णाचे कोपरे आत दाबायचे, सुकल्यावर काही होत नाही. स्क्रूआधी बारीक भोक पाड, नाहीतर प्लायची कड फुटते

१०४: पार्किंगमधला भुसा कोण झाडणार? कोणीच उत्तर देत नाहीये म्हणून तिसऱ्यांदा विचारतोय

४०२: मीच झाडणार हो. तुमची काचपण पुसतो

२०३: बोनेटपण पुसा, फोटो काढतील

४०२: अण्णा १२ चं शीट आता परत कोण घेणार, अर्धं कापून झालंय

५०१ अण्णा: वाया कशाला घालवतोस. एलपीची फळी आणि वरची फळी, दोन-दोन एकावर एक चिकटव. २४ एमएम होईल, जाडी दुप्पट म्हणजे झोक आठवा हिस्सा. मधल्या फळीला उभा आधार येणार आहे, तिथे १२ चालेल. पूर्ण फळीभर फेविकॉल पसर, नुसते ठिपके नकोत. रात्रभर दाबून ठेव

४०२: क्लॅम्प दोनच आहेत

२०३: १०४ ला बसवा वर

१०४: हे वैयक्तिक होतंय. सेक्रेटरी लक्ष घालणार का?

६०१ सेक्रेटरी: २०३ मेसेज डिलीट करा. ४०२, वजनाला पाण्याचे भरलेले कॅन ठेवा, गच्चीच्या खोलीत चार पडलेत, किल्ली माझ्याकडे आहे

३०४ ताई: कापून उरलेल्यातून दीड फुटी पट्टी निघेल का? राउटर ठेवायला हवी होती